अनुभव धागा: गेम, सिनेमा, प्रयोग... आणि शेजारी कोण होतं?

गेल्या रविवारी मामलेदारची मिसळ खाऊन तोंड पोळलेलं असतानाच आमच्या चौघांत वाद पेटला. एक मित्र हौशी नाटकवाला. त्याचं म्हणणं, जिवंत कला म्हणजे समोर माणूस घाम गाळतोय आणि आपण दहा फुटांवर बसलोय. सिनेमा म्हणजे बरणीतलं लोणचं. आणि गेम? "गेम म्हणजे अंगठ्यांचा व्यायाम." मी ऐरोलीला दिवसभर मान मोडून काम करतो आणि रात्री प्लेस्टेशन लावतो, त्यामुळे हे लागलं.

तेव्हा उत्तर सुचलं नाही, आता देतो. 'जर्नी' नावाचा २०१२ सालचा गेम आहे. वाळवंट, लांबवर एक डोंगर आणि झगा घातलेलं आपलं पात्र. वाटेत तसंच दुसरं कुणीतरी भेटतं. ते म्हणजे जगात कुठेतरी आपल्यासारखाच घरात बसून खेळणारा खराखुरा माणूस. त्याच्याशी बोलता येत नाही, लिहिता येत नाही, त्याचं नाव दिसत नाही. फक्त एक सूर काढता येतो, टिंग असा. शेवटी बर्फ लागतो, गळ्यातला लांब पट्टा गोठून आखूड होत जातो, आणि दोघं चिकटून चालले तरच एकमेकांना थोडी ऊब मिळते. त्या रात्री माझा सोबती धुक्यात मागे राहिला. पुढे जायचं सोडून मी उलटा फिरलो. दीड वाजता टीव्हीसमोर मी आपला टिंग, टिंग करतोय. बायको उठून आली आणि म्हणाली, "कुणाला हाका मारतोयस?"

सापडला तो. सगळं संपल्यावर, श्रेयनामावलीनंतर त्याचं नाव दिसलं. नाव कसलं, चार अक्षरं आणि पुढे आकडे. देशसुद्धा कळला नाही.

तर लिहा. गेम, सिनेमा, नाटक, कॉन्सर्ट, काहीही चालेल. परीक्षण मात्र नको. कुठे होतात आणि शेजारी कोण होतं, ते सांगा. ठाणे-नवी मुंबईकरांना प्राधान्य. डोंबिवलीकरांनी रागावू नये.

पाचपाखाडी, वय ६८

सुनेनं वाचून दाखवलं म्हणून लिहितो आहे. टायपिंगची सवय नाही, चुकभूल द्यावीघ्यावी.

वंदना, मल्हार, आराधना, अशोक. या टॉकीजांत मी किती सिनेमे पाहिले त्याला गणती नाही. हल्लीच्या पोरांना वंदना म्हटलं की एसटी आठवते. १९७८ साली तलावपाळीला गडकरी रंगायतन झालं आणि नाटकासाठी दादरचं शिवाजी मंदिर नाट्यगृह गाठून शेवटची लोकल पकडायची धावपळ संपली. पण सांगतो तो प्रयोग आमच्या चाळीच्या गणपतीतला आहे. बांबूचा मंडप, खाली सतरंज्या. दुसऱ्या अंकात बाप मुलाला घराबाहेर काढतो, तेवढ्यात अख्ख्या आळीची लाईट गेली. माईकही गेला. पोरांनी शिट्ट्या सुरू केल्या. बापाचं काम करणारा नट मात्र थांबला नाही. माईकमधून इतका वेळ गडगडत होता तो आवाज खरा तर जरा घोगरा, थकलेला होता. हळूहळू पोरं गप्प झाली. दोन वाक्यांमध्ये तो थांबला की मागच्या खोलीतल्या कुणाच्या तरी स्टोव्हची फरफर ऐकू यायची.

शेजारी माझे वडील होते. आमची चार महिने बोलाचाली नव्हती, नोकरी सोडली म्हणून. अंधारात त्यांनी माझा हात धरला. माझा म्हणून धरला की दुसऱ्या कुणाचा समजून, ते मला कधीच कळलं नाही. लाईट आल्यावर सोडला.

नाटक सुमार होतं, हेही सांगून टाकतो.

घोडबंदर रोड

काकांनंतर लिहायला जड जातंय, पण लिहितो. २६ एप्रिल २०१९, 'ॲव्हेंजर्स: एंडगेम', सकाळी सहाचा शो. १८१ मिनिटं. (त्यात आपल्याकडे मध्येच कात्री मारून घुसवलेलं मध्यंतर, तेही नेमकं चुकीच्या जागी.) मार्व्हलवाले नावं संपल्यावर काहीतरी दाखवतात, म्हणून अख्खं थेटर जागेवर बसून होतं. झाडूवाल्या मावशी पायऱ्यांवर ताटकळत उभ्या. आणि दाखवलं काहीच नाही. काळ्या पडद्यावर नुसते हातोड्याचे ठोके. २००८च्या पहिल्या 'आयर्न मॅन'मध्ये नायक गुहेत चिलखत ठोकतो, तेच ठोके. आणि या सिनेमात तो नुकताच मेलेला. माझ्या शेजारचा दाढीवाला गडी रुमालात तोंड खुपसून बसला. मावशी म्हणाल्या, "संपलं ना? उठा, पुढचा शो लागायचाय."

कोपरखैरणे

माझी गोष्ट त्रिशूळाची आहे.

'राजी' नावाचा गेम आहे, पुण्यातल्या मुलांनी बनवलेला, २०२० साली आला. डोंबाऱ्याचे खेळ करणारी एक मुलगी राक्षसांनी पळवलेल्या भावाला शोधायला निघते आणि तिच्या हातात दुर्गेचा त्रिशूळ येतो. माटुंग्याला कॉलेजच्या फेस्टमध्ये कॉस्प्लेची, म्हणजे एखाद्या पात्राचा वेश करून यायची, स्पर्धा होती. बाकी सगळे ॲनिमेतली, म्हणजे जपानी कार्टूनमधली पात्रं करणार हे माहीत होतं, म्हणून मी ठरवलं, राजीच करायची. पाणी जातं तो पीव्हीसीचा पाइप, लहान मुलांच्या खोलीत अंथरतात त्या फोमच्या जोडगाद्या, ग्लू गन आणि सोनेरी रंगाचे दोन डबे. बाबांनी हीट गन म्हणून आईचा हेअर ड्रायर दिला, तो जळाला. तो वेगळा अनुभव, त्याचा धागा आईने काढावा.

सकाळी सव्वासातला कोपरखैरणेहून ठाणे लोकल. साडेपाच फुटी त्रिशूळ घेऊन लेडीज डब्यात शिरले तर गर्दी चक्क दुभंगली. एका काकूंनी हळूच बोट लावून नमस्कार केला. मी म्हणाले, "काकू, फोमचा आहे." त्या म्हणाल्या, "असू दे गं."

ठाण्याला दहा नंबरवरून जिना चढताना कुणाच्या तरी पाठीवरच्या बॅगेत अडकून त्रिशूळाचं मधलं टोक कडकन मोडलं. मी तिथेच रडकुंडीला आले. मासे घेऊन निघालेली एक मावशी थांबली. टोपली खाली ठेवली, कमरेची निळी नायलॉनची दोरी काढली आणि जाळ्याला मारतात तशी गाठ मारून टोक असं आवळून दिलं की ते आजही हललेलं नाही. आवळता आवळता विचारते, "कुनाला माराचाय?" मी म्हटलं, "राक्षसाला, भावाला पळवलंय." ती म्हणाली, "मंग नीट धर."

फेस्टमध्ये तिन्ही परीक्षकांनी विचारलं, हे कुठल्या ॲनिमेतलं? नंबर आला नाही. त्रिशूळाला मात्र माशांचा वास येत होता, हे एका परीक्षकाने आवर्जून सांगितलं.

धागाकर्ता

वरच्या गोष्टीपुढे माझा वाळवंटातला सोबती फिका पडला. आईंनी खरंच धागा काढावा.

सानपाडा

२ सप्टेंबर २०२० ला सरकारने पबजी हा मोबाइल गेम बंद केला तेव्हा मी पेढे वाटायच्या बेतात होतो. आमच्या चिरंजीवांनी जेवण सोडलं. मी म्हटलं, व्यसन, दुसरं काय! चार दिवसांनी उलगडा झाला. लॉकडाऊनमध्ये तो रोज रात्री नागपूरच्या आतेभावाशी त्या गेममध्येच बोलायचा. बंदुकीच्या गोळ्या शोधता शोधता शाळा, आत्याची तब्येत, सगळं काही. मी दोघांना फोन जोडून दिला. "हॅलो, जेवलास का?" "हो. तू?" "हो." संपलं. पुढे शब्द फुटेना दोघांना.

कळवा

२००६-०७ चा काळ. नेट कॅफे, तासाला वीस रुपये, चपला बाहेर. काउंटर-स्ट्राइक १.६ हा बंदुकांचा गेम, आणि मॅप, म्हणजे लढायची जागा, कायम डस्ट टू. दोन कॉम्प्युटरच्या मध्ये प्लायवूड, त्यामुळे शेजारी कोण आहे ते दिसायचं नाही, फक्त माऊसची खटखट. पलीकडे एक जण शनिवारी संध्याकाळी यायचा आणि आमचं पार भरीत करायचा. सहा महिने मार खाल्ला. एका शनिवारी मी मुद्दाम आधी उठून त्याच्या चपलांपाशी उभा राहिलो.

आमच्या शाळेतले पीटीचे सर!

"सर, तुम्ही?" सरांनी आधी रस्त्यावर दोन्हीकडे पाहिलं. मग म्हणाले, "शाळेत बोललास तर मैदानाला वीस फेऱ्या. आणि दारातून सरळ धावत येतोस ते बंद कर, आधी धुराचा बॉम्ब टाकावा."

नेरुळ

१८, १९ आणि २१ जानेवारी २०२५. कोल्डप्ले हा इंग्रजी बँड डी. वाय. पाटील स्टेडियमला, आम्हीही नेरुळातच आणि तिकीट एकही नाही. विक्रीच्या दिवशी माझ्यापुढे रांगेत जेवढी माणसं दाखवत होते, तेवढी आख्ख्या नेरुळात नसतील. मग सोसायटीच्या गच्चीचं कुलूप सेक्रेटरींकडून अर्ज-विनंत्या करून उघडून घेतलं. चटया, थर्मास, आणि दुसऱ्या मजल्यावरच्या काकू मटार सोलायला घेऊन हजर.

एक गंमत लक्षात आली. आतषबाजी आधी दिसायची, आवाज मागाहून यायचा. धाकट्याने मोबाइलवर मोजलं, तीन सेकंदांना थोडं जास्त. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, तेव्हा स्टेडियम आमच्यापासून किलोमीटरभर. म्हणजे आत लोक ज्या सुरावर उड्या मारत होते, तो आमच्यापर्यंत पोचेस्तोवर त्यांच्या उड्या मारून झालेल्या. वारा फिरला की गाणं गायब, नुसता ढोल. आणि मध्येच हजारो लोकांनी एकदम धरलेला सूर यायचा, शब्द एकही नाही. काकू सोलता सोलता थांबल्या. "आरती चाललीय का रे त्यांची?" मी म्हटलं, तसंच काहीतरी.

माझी मैत्रीण आत होती. तिने मनगटावर लुकलुकणारा पट्टा बांधला होता (शो संपल्यावर परत द्यायचा असतो). ती म्हणते, अर्धा शो तिने पुढच्या माणसाच्या वर धरलेल्या मोबाइलमध्ये पाहिला. आमचे तेवढ्या वेळात दोन किलो मटार सोलून झाले.

खारघर

मुलगी नववीत. १२ सप्टेंबर २०२५ ला 'डीमन स्लेअर'चा सिनेमा लागला आणि पहाटेच्याच शोला जायचं म्हणून तिने घर डोक्यावर घेतलं. हिंदीतही होता, पण बाईसाहेबांना जपानीच हवा. मला ना जपानी येते, ना इतक्या भराभर इंग्रजी वाचता येतं. मग अडीच तास ती माझ्या कानात मराठीत सांगत होती. "आई, हा चांगला आहे. आई, आता हा मरणार आहे, बघू नकोस. आई, हा राक्षस झाला तेव्हा त्याचं लग्न ठरलं होतं." एका जागी तिला बोलवेना. मी वळून पाहिलं तर डोळ्यातून धारा. मग उरलेलं मला येईल तसं मी तिला सांगितलं. चुकीचंच सांगितलं असणार. तिने दुरुस्त केलं नाही.

कोपरी

२०१२ साली जोगेश्वरीच्या जय जवान पथकाने आपल्या ठाण्यात दहीहंडीला नऊ थर लावून गिनीज बुकात नाव नोंदवलं, ते वर्ष. मीही त्या दिवशी शहरात होतो, पण आमच्या छोट्या पथकात, सात थरांच्या. मी कायम तळाला. अकरा वर्षं दहीहंडी खेळलो आणि एकही थर डोळ्यांनी पाहिलेला नाही. मान खाली, हात पुढच्याच्या दंडावर, समोर कुणाची तरी भिजलेली पाठ, खांद्यांवर दोन टाचा. टाचांवरून कळतं. चौथा चढला की वजन येतं, सहावा चढला की टाचा थरथरतात. एक्का वर पोचला की गर्दी एकदम शांत होते, आणि मग जो आवाज फुटतो त्यावरून समजायचं, सलामी दिली की कोसळतोय.

नंतर घरी गेल्यावर बायकोच्या मोबाइलवर पाहायचो. छान दिसायचं. पण त्यात मी कुठेच नसायचो.

नौपाडा

पाडव्याच्या आदल्या रात्री गावदेवी मैदानात मोठी रांगोळी असते, तिथे मी एकदा मदतीला होते. गुडघ्याखाली गोणपाट, चिमटीत रंग, सहा तासांत माझ्या वाट्याला आला एका पैठणीचा काठ, जेमतेम चार हात. शेजारी एक शाळकरी मुलगा पार्श्वभूमीचा निळा भरत होता. पहाटे एक कुत्रं आरामात माझ्या काठावरून चालत गेलं. पाच ठसे. मी ओरडणार तोच मुलगा म्हणाला, "ताई, कंट्रोल झेड!" इतकं हसू आलं की निळा माझ्याच पदरावर सांडला. ठसे बुजवले. दोन आम्ही मुद्दाम ठेवले, पण कुठे ते सांगणार नाही.

पाचपाखाडी, वय ६८

पुन्हा लिहितो आहे. तुम्ही म्हणालात तो वाळवंटाचा गेम नातवाकडे निघाला. काल दुपारी त्याने माझ्या हातात ते यंत्र दिलं आणि स्वतः क्लासला पळाला. चालायचं बटण सापडलं, पण थांबायचं सापडेना, त्यामुळे बराच वेळ एका पडक्या खांबाभोवती प्रदक्षिणा घालत होतो. तेवढ्यात तसाच झगेवाला दुसरा एक आला. त्याने टिंग केलं. मला उलट टिंग करता येईना. तो पुढे गेला, मागे वळला, पुन्हा आला. असं तीनदा. मग माझ्यासमोर वाळूत बसून राहिला. मी चष्मा पुसला, एकेक बटण दाबून पाहिलं, शेवटी एकदाचं टिंग झालं. तो टुणकन उडी मारून उठला.

शेवटी नाव कळतं म्हणालात, पण आम्ही शेवटापर्यंत पोचलो नाही. चहा झाला म्हणून हिची हाक आली आणि मी यंत्र खाली ठेवलं. तिकडे तो किती वेळ थांबला असेल, हे रात्री झोपताना डोक्यात होतं. त्याला निरोप देता येतो का कुठे?