मदत हवी आहे: मायटर सॉवर अष्टकोनी चौकट जुळेना

नमस्कार मंडळी. मी लातूरचा, बापाच्या हाताखाली सुतारकाम शिकलो. देव्हाऱ्यासाठी सागवानाची अष्टकोनी चौकट करतोय. दहा इंची मायटर सॉवर (कोनात काप घेणारी विजेची करवत) 22.5 अंश लावून आठही तुकडे कापले. सात जोड घट्ट बसले, आठव्याला मात्र नखाएवढी फट राहिली. प्रत्येक तुकड्याला दोन असे काप सोळा, प्रत्येकात अर्धा अंश चुकला तरी शेवटी आठ अंश होतात, हे आता कळतंय.

प्लग काढून पात्याला गुण्या (काटकोन तपासायचं हत्यार) लावला, दातांना नाही, सपाट भागाला. पातं टेबलाशी काटकोनात आहे. पण फळी कापून एक तुकडा उलटा करून जोडला, तर रुंदीच्या एका कडेला फट दिसते. म्हणजे फेन्सच (फळी टेकवायचा मागचा आधार) सरकलंय ना? बोल्ट सैल करून आधी कुठली बाजू धरायची?

दुसरं जास्त महत्त्वाचं. तुकडे चारच इंचांचे आहेत, बोटं पात्याजवळ जातात. काल पातं थांबायच्या आत वर उचललं, तुकडा उडून कानाजवळून गेला. तेव्हापासून हात लावायची हिंमत होईना. लांब पट्टीवरूनच कापत जावं की क्लॅम्पची काही सोय करावी? रोज हे काम करणाऱ्यांनी कृपया सांगा.