सुईची घाई नको
आपल्या काकूंच्या अधिवृक्क ग्रंथीतील (मूत्रपिंडाच्या वर असणाऱ्या, संप्रेरके बनवणाऱ्या ग्रंथीतील) ७ सेंटिमीटरच्या गाठीचा तुकडा सुईने काढून तपासावा का, असे आपण रत्नागिरीहून विचारले आहे. कृपया घाई करू नये. ती गाठ फिओक्रोमोसायटोमा, म्हणजे रक्तदाब वाढवणारी संप्रेरके सोडणारी गाठ, निघाली तर सुईमुळे रक्तदाब जीवघेणा उसळू शकतो, म्हणून आधी रक्तातील किंवा लघवीतील मेटानेफ्रिन (त्या संप्रेरकांपासून बनणारे पदार्थ) तपासतात. साध्या सीटी स्कॅनमध्ये घनता १० हाउन्सफिल्ड एककांपर्यंत (सीटीवरील घनता मोजण्याचे एकक) आणि गाठ एकसारखी दिसली, तर ती निरुपद्रवी मानतात. माझ्या आईलाही अशीच गाठ होती आणि तिच्या अहवालात घनतेचा हा आकडा ३४ होता. देवगडहून एसटीने मुंबईला जाताना फिल्मचे ते पाकीट मी रात्रभर मांडीवरून खाली ठेवले नाही. तिची गाठ दुर्बिणीने न काढता पोट उघडून अखंड काढली, कारण कर्करोगाच्या गाठीचे आवरण फाटले तर पेशी पोटात सांडून आजार उलटण्याचा धोका फार वाढतो. अशा शस्त्रक्रिया नेहमी करणाऱ्या शल्यविशारदांकडेच काकूंना न्यावे.