मदत हवी आहे: बोटं चालत नसताना जुन्या कॅमेऱ्याचं बटण दाबायचं कसं?

नमस्कार मंडळी. फोटोग्राफीवाल्यांनी आणि ज्यांच्या घरात मणक्याची दुखापत झालेलं कुणी आहे त्यांनी जरूर वाचा.

मी दोंडाईच्याजवळच्या एका गावात राहतो. ट्रॅक्टर उलटून मान मोडली, सी-५ आणि सी-६ (मानेचे पाचवे-सहावे मणके). खांदे हलतात, कोपर वाकतं पण आपणहून सरळ होत नाही, उजवं मनगट थोडं वर येतं. बोटं आहेत, पण ऐकत नाहीत. हा मजकूर फोनवर बोलून टाइप केलाय, तेव्हा शुद्धलेखनाकडे काणाडोळा करा.

घराला रंग द्यायचा म्हणून माळा रिकामा केला. पत्र्याच्या पेटीत पुनर्वसन केंद्रातला चमचा अडकवायचा पट्टा निघाला, तोंडात धरून फोनवर टिचक्या मारायची काडी निघाली (तिचं रबर दगडासारखं झालंय), आणि खाली माझी कॅमेऱ्याची बॅग. आजी म्हणे, "हाई कसाले ठेवेल शे रे?" टाकून द्यायच्या ढिगात जाण्याआधी पुतण्याला म्हटलं, उघड.

यशिका एफएक्स-३ हा रीळवाला कॅमेरा, ५० मिमीचं भिंग. शटर पूर्ण यांत्रिक, बॅटरी फक्त उजेड मोजणाऱ्या मीटरला लागते, त्यामुळे इतकी वर्षं पडून राहूनही चालतंय. याच कॅमेऱ्यावर मी नंदुरबारच्या मिरचीच्या पथारी (मिरची वाळत घालतात त्या जागा) आणि सारंगखेड्याच्या यात्रेतले घोडे काढलेत. बॅगेच्या कप्प्यात केबल रिलीज सापडली: काळी वेटोळी केबल, एका टोकाला बारीक पिन, दुसऱ्या टोकाला अंगठ्याने दाबायची दांडी. पुतण्याने ती बटणाच्या आट्यांत पिळून बसवली, दांडी माझ्या हनुवटीखाली धरली. मी मान खाली घातली आणि खट्ट! रीळ नव्हतं, तरी दोघं हसत सुटलो.

आता अडचण. "मोबाइल वापर की" असं सगळे सांगतात. वापरतो. आवाज देऊन फोटो निघतोही, पण शब्द उच्चारल्यापासून फोटो निघेपर्यंत घोडा फ्रेमच्या बाहेर. पथारीला चालतं, मिरची कुठे पळत नाही. मला तो क्षण माझ्या हाताने, म्हणजे हनुवटीने, पकडायचाय. रीळ पुढे ओढायला पुतण्या आहे, त्याबद्दल तक्रार नाही.

हनुवटीने दांडी दाबताना डोळा व्ह्यूफाइंडरवरून हलतो. दुसरा काही मार्ग? कॅमेरा व्हीलचेअरला पक्का कसा बसवायचा? पायांना झटके आले की अख्खी खुर्ची हलते. आणि हे सगळं थंडीतच, दत्तजयंतीच्या सुमारास, यात्रा असते तेव्हा. उन्हाळ्याचे सल्ले नकोत. दुखापतीच्या खाली घाम येत नाही, पारा ४४-४५ला गेला की मी कूलरसमोर ओला टॉवेल घेऊन पडलेला असतो.

प्रतिसाद १

भाऊ, दांडीची केबल सोडा, हवेच्या फुग्याची घ्या. रबरी फुगा, नळी, पुढे तीच पिन, त्याच आट्यांत बसते. तुमचं कोपर वाकतं ना? फुगा कोपराच्या घडीत ठेवा, हात दुमडला की शटर. डोळा जागचा हलत नाही. नळी मात्र लांब मिळते, ती कापून हातभर करा. लांब नळीत हवा दबण्यातच वेळ जातो आणि तुमचा घोडा पुन्हा पळतो. त्या जागी स्पर्श नीट कळतो का ते आधी बघा, धातूचा तुकडा कातडीला घासू देऊ नका.

बसवायला सुपर क्लॅम्प (पाइपला आवळायचा चिमटा) आणि मॅजिक आर्म (हवा तसा वळवून घट्ट करता येणारा दांडा). लग्नाचे फोटो काढणाऱ्या कुणाकडेही बघायला मिळेल. क्लॅम्प खुर्चीच्या मुख्य चौकटीच्या पाइपला लावा. खुर्चीच्या काढता येणाऱ्या हातावर किंवा पायपाटीवर नको, ते खुळखुळतात. झटक्यांसाठी १/५०० सेकंद किंवा त्याहून वेगवान शटर. फोकस दर वेळी फिरवत बसू नका: भिंगाचं छिद्र एफ/८ ला आणि फोकस ५ मीटरवर लावून ठेवा, साधारण साडेतीन ते साडेनऊ मीटरमधलं सगळं स्पष्ट येतं.

प्रतिसाद २

रीळ परवडेनासं झालं तर जुना डिजिटल घ्या. कॅननच्या बऱ्याच साध्या मॉडेलांना रिमोटसाठी २.५ मिमीचं छिद्र असतं. अपंगांसाठीचे स्विच (हनुवटीचा, फुंकरीचा, उशीसारखा) बहुतेक ३.५ मिमी मोनो (दोनच जोडांच्या) पिनेचे असतात. मध्ये स्वस्त अडॅप्टर लावला की तोच स्विच शटर होतो. मोनो पिनेमुळे बटण सतत अर्धं दाबलेलं, म्हणजे फोकस करत, राहतं, म्हणून भिंग मॅन्युअल फोकसवर ठेवा. बॅटरी थोडी जास्त खाईल.

धागाकर्ता

दोघांचे आभार. कोपराच्या घडीचं डोक्यातच आलं नव्हतं. उजव्या हाताला झटके कमी येतात, स्पर्शही कळतो, तेव्हा फुगा आधी. क्लॅम्पसाठी गावातल्या लग्नवाल्या फोटोग्राफरला बोलावलंय, तो खुर्ची बघून जाईल.

एक राहिलं. भिंग उजेडात धरलं तर आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसतात, बुरशीच असणार. धुळे, जळगाव, फार तर नाशिक, इथे जुनी भिंगं उघडून साफ करणारं कुणी अजून आहे का? मला घेऊन जाणं अवघड, पण भिंग पुतण्याबरोबर पाठवता येईल.