शब्दचर्चा: दाब, दबाव, ठासणी आणि एस्प्रेसो मशीनमधली ती झडप

निमुळता: घरगुती एस्प्रेसो मशीनचं ब्रू प्रेशर (कॉफीच्या पुडीतून पाणी रेटणारं प्रेशर) कसं कमी-जास्त करायचं, याचं टिपण मराठीत करतोय. तीन शब्दांपाशी गाडी अडली आहे. ब्रू प्रेशरला 'दाब' म्हणायचं की 'दबाव'? ओव्हर-प्रेशर व्हॉल्व्हला, म्हणजे जादा प्रेशर सोडणाऱ्या ओपीव्हीला, 'सुरक्षा झडप' चालेल का? आणि टॅम्पिंगला, म्हणजे कॉफीची पूड हाताने दाबून बसवण्याला, 'दाबणे' म्हटलं की पहिल्या शब्दाशी गोंधळ होतो, त्याचं काय? मसुद्यातलं वाक्य असं आहे: 'सुरक्षा झडपेचा स्क्रू सैल करून मशीनचा दबाव १५ बारवरून ९ बारवर आणा आणि कॉफी नीट दाबा.'

कानामात्रा: 'दबाव' आधी काढा. मराठीत दबाव माणसांवर येतो (दबावगट, राजकीय दबाव), दडपण मनावर येतं आणि द्रव-वायूंचा असतो तो दाब: रक्तदाब, कमी दाबाचा पट्टा. 'वायुभार'मधला 'भार' हा जुना पर्याय आहे, पण मशीनच्या संदर्भात भार म्हटलं की लोक विजेचा लोड समजतील. शिवाय 'एस्प्रेसो' या इटालियन शब्दाच्या पोटातच दाब आहे. 'एस्प्रिमेरे' म्हणजे पिळून, दाबून बाहेर काढणं. 'खास मागणीवरून, तिथल्या तिथे केलेली' असाही अर्थ त्याला चिकटलेला आहे.

दट्ट्या: 'सुरक्षा झडप' अजिबात नको, आणि हा नुसता भाषेचा प्रश्न नाही. वाफेच्या बॉयलरवर खरीखुरी सुरक्षा झडप असते. वाफेचा दाब एरवी १ ते १.५ बार असतो. तो फार वर गेला तर ती उघडते. ती कारखान्यातून ठरवून आलेली असते, तिला हात लावायचा नसतो. ओपीव्ही पंपाच्या पुढे, गार पाण्याच्या वाटेवर बसवलेली असते आणि ती जुळवण्यासाठीच असते. दोन्हींना एकच नाव दिलंत तर तुमचं टिपण वाचून कोणीतरी बॉयलरच्या डोक्यावरचा नट पान्ह्याने फिरवेल.

'जादा दाबाची झडप' अर्थाला बरोबर आहे, पण लांबलचक आहे. मी एकदा 'दाबमर्यादा झडप (ओपीव्ही)' असं लिहून पुढे सरळ ओपीव्हीच म्हणेन.

कानामात्रा: 'मर्यादा' इथे कशी काय? स्क्रूने दाबच बदलतो ना?

दट्ट्या: नाही, आणि निमुळता यांच्या वाक्यातली खरी चूक तिथेच आहे. पंप दाब तयार करत नाही, तो पाणी ढकलतो. पुढे अडथळा असेल तेवढाच दाब चढतो. अडथळा म्हणजे बास्केटमधली (बारीक भोकांच्या वाटीतली) कॉफी. दळण जाडसर असेल तर पाणी सरसर निघून जातं आणि दाबमापकाचा काटा ४-५ बारवरच राहतो, मग ओपीव्ही ९ वर असो की १२ वर. दळण बारीक असेल तर दाब चढत जातो आणि ठरलेल्या आकड्याला ओपीव्ही उघडून जास्तीचं पाणी परत सोडते. म्हणून स्क्रू दाब 'लावत' नाही, तो दाबाचं छत ठरवतो.

मराठीत हा फरक क्रियापदात सांभाळता येतो. दाब *चढतो*, *उतरतो*, *बसतो*. ही अकर्मक क्रियापदं दाबासाठी ठेवावीत. *ठरवणे*, *जुळवणे* ही मर्यादेसाठी. 'दाब वाढवा' असं लिहिलं की वाचणारा स्क्रूकडे धावतो. बऱ्याचदा दळण एक खाच बारीक करायचं असतं, तेवढंच.

ओळखायची सोपी खूण: पुष्कळ मशीनमध्ये ओपीव्हीतून निघालेली बारीक नळी पाण्याच्या टाकीत येते. कॉफी उतरत असताना त्या नळीकडे बघा. धार किंवा थेंब पडत असतील तर ओपीव्ही उघडलेली आहे आणि दाब छताला टेकला आहे. नळी कोरडी असेल तर स्क्रूचा काही संबंध नाही, दळण बघा. काही मशीनमध्ये ही नळी टाकीत न येता पंपाच्या मागेच जोडलेली असते. तिथे ही खूण दिसत नाही.

निमुळता: मग खोक्यावरचा १५ बार?

दट्ट्या: ती पंपाची कमाल कुवत. पाणी पूर्ण अडवलं तर कंपन-पंप (घरगुती मशीनमधला, थरथरत पाणी ढकलणारा पंप) तिथवर जाऊ शकतो, एवढाच त्याचा अर्थ. पाणी वाहू लागलं की आकडा खाली येतो. ९ बार हा रूढ आकडा आला १९६१ च्या फाएमा ई-६१ या इटालियन मशीनपासून. त्या मशीनने स्प्रिंगच्या दट्ट्याऐवजी विजेचा पंप आणला. त्याआधी, १९४० च्या दशकाच्या शेवटी, गाज्जियाच्या लिव्हर मशीनमध्ये स्प्रिंगने दट्ट्या ढकलला जायचा. तिथे दाब सुरुवातीला चढा आणि स्प्रिंग सुटत जाईल तसा उतरता. 'पिस्टन'ला 'दट्ट्या' हा आपला शब्द चांगला आहे. 'मागे दट्टा लावणे' त्याच घरातलं.

चौथा कप: तिसरा प्रश्न राहिला. टॅम्पिंगला 'ठासणे' घ्या. ठासणीच्या बंदुकीत दारू गजाने ठासायचे, तीच क्रिया. टॅम्परला 'ठासणी' म्हणता येईल. (बंदुकीत ठासून भरतात तो 'बार', आणि काटा दाखवतो तोही 'बार'. दळण जाडसर निघालं तर अक्षरशः फुसका बार. दाबाच्या एककातला बार ग्रीक 'बारोस', म्हणजे वजन, यावरून आला. दोघांचं नातं नाही.)

शब्द वेगळे हवेत, कारण आकडे फार वेगळे आहेत. 'टॅम्प करताना १५ किलो जोर द्या' असं सांगतात, आणि वर्कशॉपमध्ये प्रेशरही किलोतच बोलतात: 'सात किलो प्रेशर'. ते किलो दर चौरस सेंटिमीटरला असतात. ५८ मिमीच्या बास्केटचं क्षेत्रफळ सुमारे २६.४ चौ. सेंमी. त्यावर १५ किलो म्हणजे दर चौ. सेंमीला अर्ध्या किलोच्या जरा वर, सुमारे ०.५६ बार. आणि ९ बारचं पाणी त्याच चकतीवर एकूण २४० किलोच्या आसपास रेटतं. हाताने कितीही ठासा, पंपापुढे ते काहीच नाही. ठासण्याचं काम पूड सपाट आणि सलग बसवायचं, म्हणजे पाणी एका बाजूने वाट फोडत नाही.

निमुळता: 'वाट फोडणे' चॅनलिंगसाठी घेतो. आता कृतीचे शब्द तपासून द्याल का? 'स्क्रू ९० अंशांत फिरवा' जरा शाळकरी वाटतं.

दट्ट्या: 'पाव आटा' म्हणा. कारागीर तेच म्हणतात. आवळणे आणि ढिला करणे, बस्स. क्रम असा:

प्लग काढा, मशीन पूर्ण गार होऊ द्या, टाकी काढा. वरचं झाकण उघडून पंपापासून निघालेल्या नळीचा माग काढत ओपीव्ही शोधा. तिच्यावर चेकनट (स्क्रू हलू नये म्हणून आवळलेला नट) असेल तर आधी तो ढिला करा. स्क्रूच्या मूळ जागेवर मार्करने रेघ मारा. ही रेघ मारली नाही तर परतीची वाट राहत नाही. स्क्रू आवळला की आतली स्प्रिंग दबते आणि मर्यादा वर जाते, ढिला केला की खाली येते. एका वेळी पाव आटा. झाकण लावा, टाकी भरून बसवा, मगच प्लग. झाकण उघडं ठेवून मोजू नका, आत पाणी आणि वीज शेजारी-शेजारी असतात.

मोजायला पोर्टाफिल्टरला (बास्केट बसवायच्या हँडलला) लावायचं दाबमापक मिळतं. पंप चालू करून काटा स्थिर झाला की आकडा वाचा आणि १० सेकंदांत बंद करा. अडवलेल्या पाण्यावर पंप जास्त वेळ चालवला तर तापतो. काटा थरथरतो, कारण कंपन-पंप ५० हर्ट्झच्या विजेवर सेकंदाला ५० ठोके देतो. थरथरीचा मधला आकडा धरा.

पाव आट्याला किती बार, हे मशीनगणिक बदलतं. कारण साधं आहे. समजा झडपेचं भोक ४ मिमी व्यासाचं आहे. ९ बारला त्यावर साधारण ११.३ न्यूटन, म्हणजे सव्वा किलोहून थोडं कमीच बल येतं. स्प्रिंगने तेवढं पेललं की झडप ९ वर उघडते. भोक किंवा स्प्रिंग बदलली की हिशोब बदलला. काही मशीनमध्ये स्क्रू नसतोच, स्प्रिंगच बदलावी लागते.

कानामात्रा: मापकावर ९ दिसले की झालं?

दट्ट्या: इथे 'स्थिर दाब' आणि 'वाहता दाब' असे दोन शब्द हवेत. बंद मापकावर पंपाचं सगळं पाणी ओपीव्हीतूनच जातं. त्यासाठी झडप जास्त उचलली जाते, स्प्रिंग जास्त दबते आणि आकडा वर दिसतो. कॉफी उतरताना काही पाणी कपात जातं, तेवढा आकडा खाली येतो. म्हणून स्थिर साडेनऊ ते दहा ठेवलं तर वाहता दाब नऊच्या आसपास बसतो. मापकाला बारीक नळ असेल तर सेकंदाला एक-दीड मिली पाणी सोडत मोजा, ते खऱ्याच्या जवळचं.

चौथा कप: तीन गोष्टी टिपणात घालाच. एक, पाणी अडवून मोजल्यावर पोर्टाफिल्टर लगेच काढू नका. सोलेनॉइड (विजेवर चालणारी) झडप असलेल्या मशीनमध्ये पंप बंद करताच दाब उतरतो. नसलेल्या मशीनमध्ये तो आत कोंडून राहतो आणि गरम पाणी अंगावर उडतं. दोन, दुहेरी तळाच्या, एका भोकाच्या बास्केटवर हे सगळं व्यर्थ. तिथला अडथळा कॉफीचा नाही, त्या भोकाचा. तीन, रोटरी पंपाचं मशीन असेल तर दाब पंपाच्या अंगावरच्या स्क्रूने जुळवतात. तिथली वेगळी एक्सपान्शन झडप (तापून फुगलेल्या पाण्याचा दाब सोडणारी) सुमारे १२ बारवर ठेवलेली असते. तीच ९ वर आणली तर ती सतत गळत राहील.

निमुळता: आणि स्क्रू आवळूनही काटा चढलाच नाही तर?

दट्ट्या: आधी ग्रुपचं (हँडल जिथे अडकवतात त्या तोंडाचं) गॅस्केट, म्हणजे रबरी कडं, बघा. हँडलच्या कडेने पाणी झिरपत असेल तर ते गेलंय. कड कोरडी असेल तर ओपीव्हीच्या बैठकीवर क्षार साचून झडप अर्धवट उघडी राहिली असेल. टाकीतली परतीची नळी सुरुवातीपासूनच वाहते, ही त्याची खूण. खोलून साफ करा. एवढं करूनही चढत नसेल तर पंप थकला. स्क्रू आवळत सुटणं हा यातल्या कशावरही उपाय नाही.

निमुळता: सुधारलेलं वाक्य: 'ओपीव्हीचा स्क्रू पाव-पाव आटा ढिला करत दाबाची मर्यादा स्थिर दहा बारवर आणा, मग दळण असं ठेवा की दाब तिथवर चढेल, आणि पूड नीट ठासा.'

कानामात्रा: चालेल.

चौथा कप: 'नीट' काढून 'सपाट' घाला. 'नीट' वाचून लोक जोर लावतात.