मदत हवी आहे: आयव्हीएफमध्ये गर्भ ट्रान्सफरच्या आधी कोणत्या ब्लड टेस्ट खरंच लागतात?

नमस्कार, आम्ही देवगडचे, आयव्हीएफ कोल्हापूरला चालू आहे. ब्लास्टोसिस्ट (५-६ दिवसांचे गर्भ) चांगले असूनही रुजत नाहीयेत, आता फ्रोजन ट्रान्सफरच्या (गोठवलेला गर्भ गर्भाशयात सोडण्याच्या) आधी ही लांबलचक टेस्टची यादी हातात दिलीय. टीएसएच २.५ च्या आत हवं म्हणून थायरॉइडची गोळी चालू आहे, प्रोलॅक्टिन हार्मोन ठीक, एएमएच कमी आहे पण ते बीजांच्या संख्येचं, रुजण्याचं त्यावरून फारसं कळत नाही. अँटिफॉस्फोलिपिड (रक्ताच्या गुठळ्यांशी संबंधित अँटिबॉडीची टेस्ट) पॉझिटिव्ह आली तर १२ आठवड्यांनी परत करायची हेपण समजलं.

मला विचारायचंय ते एनके सेलचं (या रोगप्रतिकारक पेशी). टेस्ट महाग आहे आणि रक्तातल्या एनके सेल गर्भाशयातल्यांपेक्षा वेगळ्या असतात ना, मग दंडातून रक्त काढून काय कळणार? कोणी केलीय का, रिपोर्टमुळे ट्रीटमेंट बदलली का? सासूबाई म्हणतात देवाक गाऱ्हाणा घाल, तेपण घातलंय हो.

आणि ट्रान्सफरच्या दिवशी प्रोजेस्टेरॉन (गर्भ टिकायला लागणारं हार्मोन) बघतात का तुमच्याकडे? १० च्या खाली असलं तर इंजेक्शन वाढवतात म्हणे. आमच्या इथून सॅम्पल बाहेर जातं, रिपोर्ट येईपर्यंत उशीर होतो, तर कणकवली किंवा कुडाळला त्याच दिवशी रिपोर्ट देणारी लॅब कोणाला माहितेय का? प्लीज सांगा.