विषय: जुनी रायफल आणि रिव्हॉल्व्हर घेताना काय बघावं?

नमस्कार मंडळी,

रेंजवर नियमित जायला लागल्यापासून भाड्याच्या हत्यारांचा कंटाळा आलाय. परवान्याची कागदपत्रं झाली आहेत. ओळखीतले एक गृहस्थ एक बोल्ट-ॲक्शन रायफल आणि एक .३५७ मॅग्नम रिव्हॉल्व्हर विकतायत. दोन्ही बऱ्यापैकी जुनी, पण दिसायला एकदम चकाचक. "घरात पडून होती, फारशी चालवलेलीच नाहीत" असं त्यांचं म्हणणं. मला नळीतून डोकावण्यापलीकडे काही कळत नाही. हातात घेतल्यावर नेमकं काय तपासायचं? जाणकारांनी सांगावं.

— नि.

*

नि.,

"चकाचक" हेच मला खटकलं. जुन्या हत्याराला घासून नवं ब्लूइंग (पोलादावरचा निळसर-काळा मुलामा) चढवलं की गंजाचे खड्डे झाकले जातात आणि गिऱ्हाईक भुलतं. नळीवरची अक्षरं आणि छाप भिंगाखाली बघ. अक्षरांच्या कडा बोथट झाल्या असतील, स्क्रूभोवतीचा धातू बशीसारखा खोलगट झाला असेल, तर पॉलिशचं चाक फिरलेलं आहे. तेवढ्याने बंदूक धोकादायक ठरत नाही, पण "फारशी चालवली नाही" यावर किती विसंबायचं ते कळतं. क्रमांकच खोडलेला असेल तर तिथूनच परत फीर. तो गुन्हेगारी मामला आहे, तपासणीचा नाही.

हत्यार हातात आलं की सगळ्यात आधी ते रिकामं आहे याची खात्री. विकणाऱ्याने समोर उघडून दाखवलं असलं तरी आपण पुन्हा बघायचं, यात कुणी राग मानत नाही. मॅगझिन असेल तर ते आधी काढायचं, मग बोल्ट (नळीचं मागचं तोंड बंद करणारा दांडा) किंवा पिस्तुलाची सरकती स्लाइड मागे. क्रम उलटा झाला तर चेंबरमधलं (नळीच्या मागच्या, काडतूस बसायच्या जागेतलं) काडतूस बाहेर उडतं, आपण निश्चिंत होतो, आणि मॅगझिनमधलं पुढचं काडतूस गुपचूप आत जाऊन बसतं. डोळ्यांनी बघून झालं की करंगळी घालून चाचपायचं. नळीचं तोंड सुरक्षित दिशेला, बोट चापाबाहेर.

आता नळी. बोल्ट काढून मागच्या बाजूने, पुढे उजेड धरून बघ. जुन्या लष्करी काडतुसांच्या टोपीत, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या बुडाच्या कॅपमध्ये, पोटॅशियम क्लोरेट असायचं. ते जळलं की मागे मीठ उरतं आणि ते हवेतला ओलावा ओढून घेतं. पाण्याने न धुता नुसतं तेल फिरवून ठेवलेल्या नळ्या त्यापायी आतून खाल्ल्या गेल्या आहेत. असे बारीक खड्डे नेम बिघडवतात, जिवावर येत नाहीत. चेंबरमध्ये असले तर मात्र रिकामं टरफल अडकतं, बोल्ट उघडताना मारामारी होते. जिवावरचं लक्षण वेगळं: नळीत कुठे एक काळसर कडं दिसलं तर. म्हणजे कधीतरी एक गोळी आत अडकून राहिली आणि मागून दुसरी तिच्यावर आदळली, त्या जागी पोलाद फुगलं. बाहेरून दोन बोटांच्या चिमटीत नळी धरून सावकाश टोकापर्यंत सरकव. फुगवटा दिसायच्या आधी हाताला लागतो. तशी नळी कितीही स्वस्त मिळो, घ्यायची नाही.

पण माझा खरा भर चापावर आहे. झिजलेल्या बंदुकीपेक्षा कुणीतरी घरी बसून "सुधारलेली" बंदूक मला जास्त घातक वाटते. झीज हळूहळू वाढते, तिची लक्षणं दिसतात. कानशीवाल्याची करामत आत लपलेली असते. सिअर म्हणजे ताणलेल्या घोड्याला किंवा फायरिंग पिनला (टोपीवर आदळणाऱ्या सुईला) अडवून धरणारा तुकडा. त्याची कडक केलेली धार पुष्कळ हत्यारांत फक्त वरच्या पातळ थरापुरती असते. चाप हलका करण्याच्या हौसेने ती घासली की खालचा मऊ धातू उघडा पडतो आणि एक दिवस बोट न लावता बार निघतो. स्क्रूच्या खाचा चावलेल्या, फाटलेल्या दिसल्या तर आत कुणाचा तरी हात गेलाय असं समज.

म्हणून रायफलवर हे करून बघ. रिकाम्या हत्याराचा चाप ओढायचा तो विकणाऱ्याला विचारूनच, आणि शक्यतो डमी काडतूस घालून. रिकाम्या रायफलचा बोल्ट बंद करून ती ताणलेली ठेव, सेफ्टी लाव, चाप जोरात ओढ आणि सोड. मग चापाला अजिबात न शिवता सेफ्टी काढ. त्या क्षणी "खट्" झालं तर विषय संपला. नंतर सेफ्टी काढलेल्या अवस्थेत दस्त्याचा तळ जाड रबरी चटईवर आपट, बोल्ट दोन-तीनदा दणकून बंद कर. पिन पडता कामा नये. सेमी-ऑटोमॅटिक असेल तर आणखी एक: चाप ओढून तसाच दाबून धर, स्लाइड मागे नेऊन सोड. घोडा वरच राहायला हवा. चाप सोडल्यावर बारीक टिक् आणि पुन्हा ओढल्यावरच घोडा पडणार. हे चुकलं तर एका ओढीत दोन बार निघू शकतात.

आणि दोष दरवेळी घरच्या कारागिराचाच असतो असं नाही. रेमिंग्टनने २०१४ मध्ये मॉडेल ७०० आणि मॉडेल सेव्हन रायफलींचे एक्स-मार्क प्रो ट्रिगर परत मागवले होते. २००६ ते एप्रिल २०१४ या काळातल्या रायफली त्यात येतात. तेव्हा मॉडेल आणि क्रमांक लिहून घे आणि पैसे मोजण्याआधी कंपनीच्या रिकॉलच्या यादीत बघ.

— काका

*

काकांनी लिहिलंय ते बरोबर, पण एवढा खटाटोप कशाला? सरळ गनस्मिथकडे न्यावं, त्याची फी द्यावी, तो सांगेल तसं करावं. नवख्या माणसाने दुसऱ्याची बंदूक चटईवर आपटत बसू नये असं माझं मत. राग नसावा.

— श्री.

*

मी दुनळीवाली, म्हणून थोडं विषयांतर. या यादीवर क्ले शूटिंगला जाणारेही आहेत.

जुनी दुनळी बघताना पुढचा लाकडी भाग काढायचा, बंदूक बंद करून दस्त्याच्या मानेला धरून हलवायची. नळ्या आणि मागचा भाग यांत खुळखुळ जाणवली, किंवा उजेडाकडे धरल्यावर मधून फट दिसली, तर सांधा सैल झालाय. नळ्या सुट्या करून मागच्या हुकाला बोटावर लटकवून टिचकी मारायची. स्वच्छ, लांबणारा नाद आला तर मधल्या पट्ट्यांचं डाखकाम शाबूत आहे, बद्द आवाज आला तर कुठेतरी सुटलंय.

दुसरं म्हणजे चेंबरची लांबी. जुन्या ब्रिटिश बंदुकांचे चेंबर बहुधा ६५ मिलिमीटरचे असतात, आजची बरीचशी काडतुसं ७० ची. लांब काडतूस आत बसतं, यातच फसगत आहे. ते उडाल्यावर त्याचं तोंड उलगडतं आणि उलगडायला जागा नसली की दाब भलताच चढतो. नळीवर लाटांची नक्षी, म्हणजे दमास्कस, दिसली तर जाणकाराने मापून-तपासून हिरवा कंदील देईपर्यंत आजची धूरविरहित दारू घालायची नाही. ब्रिटनमध्ये लंडन आणि बर्मिंगहॅमची प्रूफ हाउसेस बंदुकीवर जादा दाबाचं काडतूस उडवून छाप मारतात आणि १८६८ च्या कायद्यानुसार प्रूफमध्ये न बसणारी बंदूक विकणं हा गुन्हा आहे. अमेरिकेत अशी सक्ती नाही, तिथे छाप नाही म्हणजे बंदूक वाईट असंही नाही, आणि छाप आहे म्हणजे त्यानंतर कुणी नळी आतून कोरली नाही असंही नाही.

— मा.

*

काका, ताई, आभार. काल बघून आलो.

रायफल स्प्रिंगफील्ड आर्मरीची एम १९०३ निघाली. नळी आतून छान, कडं वगैरे नाही. सेफ्टीची परीक्षा पास. बोल्ट मूळचा की बदललेला हे त्यांना सांगता आलं नाही. क्रमांक सहा आकडी, सहा लाखांच्या घरातला. मला तर पसंत आहे.

रिव्हॉल्व्हर स्मिथ अँड वेसनचं मॉडेल १९. घोडा अगदी सावकाश ताणला की सहापैकी एका खणाला सिलिंडर पूर्ण फिरत नाही, बोटाने जरा ढकलला की मग टक् करून बसतो. सिलिंडर पुढे-मागे किंचित हलतोही. हे कितपत गंभीर?

— नि.

*

नि.,

रायफल घेऊ नकोस. निदान चालवायला तरी नको.

स्प्रिंगफील्ड आर्मरीच्या एम १९०३ मध्ये आठ लाखांखालचा क्रमांक आणि रॉक आयलंडच्या मालात २,८५,५०७ च्या खालचा क्रमांक ही बदनाम मंडळी आहेत. त्या काळी पोलाद किती तापलं हे कारागीर रंगावरून, नजरेने ठरवायचे. ढगाळ दिवशी आणि उन्हात तोच रंग वेगळा दिसतो, त्यामुळे काही रिसीव्हर (बोल्ट ज्यात बसतो तो मुख्य सांगाडा) जादा तापून काचेसारखे ठिसूळ झाले. १९१७ मध्ये काही अक्षरशः फुटले, मग १९१८ मध्ये तापवण्याची पद्धत बदलली. सगळेच वाईट नाहीत, पण बरा कोणता आणि ठिसूळ कोणता हे बघून, मापून, बोल्ट बदलून कळत नाही. अमेरिकेतली सिव्हिलियन मार्क्समनशिप प्रोग्राम ही जुन्या लष्करी रायफली विकणारी संस्थाच सांगते की या क्रमांकांच्या रायफली झाडू नका. भिंतीवर लावायची असेल तर त्या हिशेबाने भाव कर.

क्रमांक बरा असता तर पुढचा प्रश्न हेडस्पेसचा होता, म्हणजे बंद बोल्टपुढे काडतुसाला किती जागा उरते याचा. बोल्ट बदललेला असला की हा प्रश्न हमखास येतो. त्यासाठी गो आणि नो-गो अशी गेजेस असतात. बोल्ट गोवर बंद व्हायला हवा, नो-गोवर अडायला हवा. जागा जास्त असेल तर टरफल ताणलं जाऊन बुडाजवळ तुटतं आणि तापलेला वायू मागे येतो. हे काम गनस्मिथचंच, इथे श्री. यांच्याशी शंभर टक्के सहमत. पण गनस्मिथकडे काय न्यायचं आणि काय विकणाऱ्याकडेच सोडून यायचं एवढं तरी आपल्याला कळायला हवं, नाहीतर प्रत्येक भंगारापायी त्याची फी भरत बसाल.

रिव्हॉल्व्हरचं दुखणं बरं होण्यासारखं आहे. तो खण पूर्ण फिरत नाही म्हणजे सिलिंडरला ढकलणारा पंजा झिजलाय, किंवा त्या खणाचा दात. तसंच चालवलं तर गोळी नळीच्या तोंडाशी सरळ न शिरता काठ खरवडते आणि शिशाचे कण बाजूला उडतात, शेजारच्या माणसाच्या गालावर. पुढे-मागे हलणंही वॉशर घालून काढता येतं. फीलर गेजने सिलिंडर आणि नळीमधली फट मापायला सांग. साधारण ०.१ ते ०.२ मिलिमीटर असली तर ठीक.

मॉडेल १९ मध्ये मी आणखी एक जागा बघेन. सिलिंडर बाहेर काढ आणि फ्रेमच्या आत घुसलेलं नळीचं मागचं टोक खालच्या बाजूने, घड्याळातल्या सहाच्या जागी, भिंगाने तपास. तिथे सिलिंडरच्या क्रेनला (सिलिंडर बाहेर झुलवणाऱ्या हाताला) जागा देण्यासाठी धातू सपाट कापलेला आहे, भिंत पातळ आहे. हलक्या, १२५ ग्रेन वजनाच्या (साधारण ८ ग्रॅम) गोळीच्या जोरदार मॅग्नम काडतुसांनी नेमकी तिथेच चीर पडते. काजळी ब्रशने काढून बघ, काजळीखाली केसाएवढी चीर दिसत नाही. चीर असेल तर नवी नळी, आणि मग हा सौदा परवडत नाही. शेवटी घोडा ताणून चापाला न शिवता अंगठ्याने मागून पुढे दाब दे. पडला तर सिअरवर कुणीतरी कानस चालवली आहे.

हे सगळं पार पडून दुरुस्ती झाली तर रेंजवर पहिल्यांदा एकच काडतूस घाल. चष्मा, कानाचं संरक्षण. टरफल काढून बघ: टोपी मागे सरकलेली नको, फाटलेली नको. मग दोन, मग सहा. काडतुसं कारखान्याची, नवी. त्या गृहस्थांनी घरी भरलेला डबा सोबत फुकट दिला तरी घेऊ नकोस, त्यात कोणती दारू किती भरली हे फक्त त्यांनाच ठाऊक. आणि एखादा बार फुसका वाजला तर तोंड समोरच ठेवून थांब, हत्यार रिकामं कर आणि नळी आरपार मोकळी दिसल्याशिवाय पुढचा ओढू नकोस.

— काका

*

रायफल नाकारली. रिव्हॉल्व्हर विकणाऱ्यांसोबतच गनस्मिथकडे नेतोय, चीर निघाली तर सौदा रद्द, हे त्यांनी मान्य केलंय.

— नि.