मदत हवी आहे: जर्मनीत भाषा शिकताना किरकोळ दुखणी

भाची जळगावहून 6 महिन्यांच्या जर्मन कोर्सला निघाली आहे. तिकडे दवाखाने बंद असताना 116117, जिवावरचं असेल तर 112, एवढं माहीत आहे. पॅरासिटामॉल 500 मिग्रॅच्या 20 गोळ्या चिठ्ठीशिवाय मिळतात, अँटिबायोटिक नाही. जुलाबाला 1 लिटर स्वच्छ पाण्यात 6 सपाट छोटे चमचे साखर, अर्धा छोटा सपाट चमचा मीठ.

खरी अडचण बोलण्याची. ‘मिअर इस्ट काल्ट’ म्हणजे थंडी वाजतेय. सर्दीला ‘इश बिन एरकेल्टेट’. औषधाच्या दुकानात इथेच घोळ होतो. मग ‘पित्त झालंय’, ‘अंग मोडून आलंय’ हे कसं सांगायचं? आणि कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी सुटून पावावर आलं की पोट साफ होत नाही (असं होणारच!), त्यावर तिकडे काय मागायचं?